रुईचा चीक, पंपाचा वायसर : रबराविषयी शंका-समाधान

उन्हाळा सरला की पाइप, वायसर, पट्टे आणि टायर यांच्या तक्रारींची पत्रं वाढतात. या वेळी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत होता: रबर मुळात बनतं कसं? म्हणून या वेळची सगळी जागा रबरालाच देतो. झाडाचा चीक वाळला की रबर झालं, अशी पुष्कळांची समजूत आहे. चीक हा फक्त कच्चा माल. आपण ज्याला रबर म्हणतो ते कारखान्यात, गंधक आणि काजळी घालून, उष्णतेवर घडवलं जातं. आणि त्यात काय घातलं यावर ते जळगावच्या उन्हात एक हंगाम टिकेल की दहा, हे ठरतं. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीशी येऊन पोचतात.

आमच्याकडे बांधावर, नाल्याकाठी रुई माजली आहे. पान तोडलं की पांढरा चीक धार धरतो आणि बोटांवर सुकला की चिकट होऊन ताणला जातो. रबराच्या झाडाचा चीकही पांढराच असतो म्हणे. मग रुईपासून रबर का काढत नाहीत?
*एक शेतकरी, पारोळा*

तुमचं निरीक्षण अचूक आहे. रुईच्या चिकात रबर असतं. जगातल्या दोन हजारांहून अधिक वनस्पतींच्या चिकात ते कमीजास्त सापडतं. अडचण त्याच्या प्रमाणाची आणि प्रतीची आहे.

रबर म्हणजे आयसोप्रीन नावाच्या एका लहान रेणूच्या कड्या एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. ज्या झाडापासून जगातलं जवळपास सगळं नैसर्गिक रबर येतं, त्या ब्राझीलच्या हेविया झाडात एकेका साखळीत दहा-पंधरा हजार कड्या असतात. साखळी जितकी लांब, तितकं रबर ताणून पुन्हा जागेवर येणारं. रुईच्या चिकात साखळ्या आखूड, आणि त्यांच्यासोबत राळेसारखे चिकट पदार्थ भरपूर. म्हणून तो बोटांना चिकटतो, थोडी तार धरतो, पण ताणून सोडला तर मागे फिरत नाही. हेवियाच्या ताज्या चिकात वजनाच्या ३० ते ४० टक्के रबर असतं, आणि एकदा साल कापली की तो तासन्‌तास गळत राहतो. रुईचं पान तोडल्यावर येणारे थेंब गोळा करायला जी मजुरी लागेल, ती कुठल्याच भावात परवडणार नाही.

याच्याच जोडीला आणखी एक प्रश्न अनेकांनी विचारला आहे. जळगाव-भुसावळच्या बंगल्यांतून जाड, चकचकीत पानांचं जे ‘रबराचं झाड’ लावतात, ते हेविया नव्हे. ते वड-पिंपळाच्या कुळातलं, आसाम-मेघालयाकडचं झाड आहे. हेविया आशियात रुजण्यापूर्वी त्याच्याकडून आशा होती. इंग्रज सरकारने १८७० च्या दशकात आसामात चारद्वार इथे त्याची मोठी लागवडही केली होती. हेवियापुढे ती टिकली नाही. मेघालयातले जिवंत मुळांचे पूल मात्र याच झाडाच्या मुळांचे.

एक सूचना कळकळीने करतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होते. मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका. गेलाच तर डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

पुस्तकात व्हल्कनायझेशनची एक ओळ आहे, तेवढ्यावर काही कळत नाही. झाडापासून टायरपर्यंत नेमकं काय काय घडतं ते क्रमाने सांगाल का?
*पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, जळगाव*

सांगतो, सविस्तर सांगतो.

केरळात हेवियाचं रोप सहा-सात वर्षांचं झालं आणि खोडाचा घेर ५० सेंटिमीटर भरला की झाड कापणीला येतं. कामगार पहाटे बागेत शिरतो, कारण त्या वेळी चिकाच्या नलिकांत दाब सर्वाधिक असतो, वातावरणाच्या दाबाच्या दहा पटींहूनही जास्त. ऊन चढलं की पानांतून पाणी उडतं, दाब उतरतो आणि धार मंदावते. खास वाकड्या सुरीने खोडाच्या अर्ध्या घेरावर, डावीकडून उजवीकडे उतरती, सालीचा जेमतेम दीड मिलिमीटर पापुद्रा काढत खाच घेतात. उतार डावीकडून उजवीकडे का? चिकाच्या नलिका खोडाभोवती किंचित तिरक्या चढतात. अशी खाच त्यांतल्या जास्तीत जास्त नलिका कापते. सालीखालचा वाढीचा थर दुखावला तर झाडाला कायमची गाठ येते, म्हणून हे काम अतिशय हलक्या हाताचं आहे. झाड न मारता वर्षानुवर्षं चीक घेण्याची ही रीत सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात हेन्‍री रिडली यांनी १८९० च्या दशकात बसवली. खाचेतून ओघळणारा चीक करवंटीत किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत जमतो. झाडाला साधारणपणे एक दिवसाआड विश्रांती देतात.

गोळा केलेला चीक गाळून, पाणी घालून पातळ करतात आणि पसरट भांड्यात फॉर्मिक आम्ल टाकतात. दूध फाटावं तसा तो साकळतो. दुसऱ्या दिवशी ती मऊ वडी रुळांतून काढून पातळ पत्रा करतात आणि धुराच्या खोलीत काही दिवस वाळवतात. धुरामुळे बुरशी धरत नाही आणि पत्र्याला मधासारखा रंग येतो. बाजारभावाच्या बातमीत ‘आरएसएस-४’ असा जो उल्लेख येतो, तो याच धुरावलेल्या पत्र्याच्या प्रतीचा. हातमोजे, फुगे यांसाठी मात्र चीक साकळू न देता अमोनिया घालून पातळच ठेवतात आणि यंत्रात घुसळून घट्ट करतात.

आता हा पत्रा तुमच्या हातात दिला आणि तुम्ही त्याचा वायसर कापला, तर काय होईल? मे महिन्यात तो लिबलिबीत होऊन चिकटेल आणि थंडीत कडक होईल. युरोप-अमेरिकेत १८२०-३० च्या दशकांत रबरी कोट आणि बूट निघाले, त्यांचं हेच झालं आणि कित्येक कारखाने बुडाले. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना दिसलं की गंधक मिसळलेलं रबर तापवलं की ते वितळत नाही, उलट घट्ट आणि लवचीक होतं. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी १८४३ मध्ये याच कृतीचं पेटंट घेतलं; गुडइयर यांना अमेरिकेत ते १८४४ मध्ये मिळालं.

आत घडतं काय? कच्च्या रबरात साखळ्या नुसत्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, ओढल्या की निसटतात. गंधकाचे अणू उष्णतेत शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. सुतळीचा नुसता गुंता आणि सुतळीने विणलेली खाट यांत जो फरक, तोच इथे. खाट बसल्यावर झोळते आणि उठल्यावर सपाट होते, कारण प्रत्येक सुतळी दुसरीला धरून आहे. गंधक शंभर भाग रबराला दोन-अडीच भाग पुरतो. तो तीस भागांपर्यंत वाढवला तर इतके पूल होतात की रबर लाकडासारखं टणक बनतं. जुन्या बॅटऱ्यांची काळी पेटी त्याचीच असे.

कारखान्यातलं काम असं चालतं. पत्रे आधी दोन रुळांच्या मिलवर मळून मऊ करतात. दोन्ही रुळांचा वेग मुद्दाम वेगळा ठेवतात, त्यामुळे रबर नुसतं दाबलं न जाता फाटतं, घासलं जातं. मग शंभर भाग रबरात साधारण पन्नास भाग काजळी, पाच भाग झिंक ऑक्साइड, दोन भाग स्टिअरिक आम्ल, थोडं तेल, भाग-दीड भाग हवा आणि ऊन यांपासून वाचवणारं रसायन असं क्रमाने मिसळतात. गंधक आणि त्याचा वेग वाढवणारं रसायन अगदी शेवटी घालतात, कारण मिलच्याच गरमीने पूल बांधायला सुरुवात झाली तर सगळा माल वाया जातो. कामगार याला ‘कंपाउंड जळलं’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेलं कंपाउंड असं जळायला वेळ लागत नाही. थंड जागी साठवण हा इथल्या धंद्यात चैनीचा खर्च धरू नये. तयार कंपाउंड साच्यात घालून प्रेसखाली १५० अंशांच्या आसपास दाबून ठेवलं की वायसरसारखी लहान वस्तू दहा-पंधरा मिनिटांत पिकते. टायरला अनेक थर, तारा आणि कापड असल्यामुळे रचना वेगळी, पण शेवटची क्रिया हीच.

तापीकाठची जमीन, विहिरीला पाणी, ठिबक बसवलेलं. केळीला भाव नसतो तेव्हा वाटतं, रबर लावावं. कोकणात लावलंय असं ऐकतो.
*एक बागायतदार, चोपडा*

कोकणाचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा उभ्या केल्या आणि शेजारी गोव्यातही रबर आहे. पण तिथला पाऊस आणि हवेतला दमटपणा वेगळा.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. भारतीय रबर संशोधन संस्थेचं एक केंद्र पालघर जिल्ह्यात, तलासरीजवळ दापचरी इथे आहे. कोरड्या पट्ट्यात हेविया कसा वाढतो हे पाहण्यासाठीच ते सुरू केलं गेलं. दापचरीला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण नंतरचे महिने कोरडे जातात आणि उन्हाळा कडक असतो. तिथे आळ्यात पाणी देऊन आणि ठिबकनेही प्रयोग झाले. पाणी न देता वाढवलेल्या झाडांना कापणीच्या घेरापर्यंत पोचायला दहा वर्षांहून जास्त लागली. उन्हाळ्यात पाणी दिलेली झाडं सहा वर्षांत तयार झाली. म्हणजे पाण्याने फरक पडतो, खूप पडतो.

आता आपल्याकडे या. जळगावला वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याला त्याहूनही कमी. मुळाशी पाणी तुम्ही ठिबकने देऊ शकाल, पण एप्रिल-मे महिन्यांतली कोरडी गरम हवा ठिबक बदलू शकत नाही. हेवियाला २० ते ३५ अंशांच्या आतली, दमट हवा लागते. आपल्याकडच्या झळांत झाड पानांची तोंडं मिटून घेतं, चिकाच्या नलिकांतला दाब पडतो आणि धार खाचेवरच सुकते. झाड जगेल, कदाचित डौलदारही दिसेल; चीक मिळणार नाही. सहा-सात वर्षं पाणी पाजून हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. केळीला भाव नसताना जीव किती तुटतो ते मी जाणतो, पण या वाटेला जाऊ नका, असाच माझा स्पष्ट सल्ला आहे.

गाजर गवताच्या जातीचं एक झाड रबर देतं असं वाचलं. खरं का? खरं असेल तर आमच्या गावात पोत्यांनी रबर आहे!
*बारावीची विद्यार्थिनी, शिरपूर*

वाचलंस ते खरं आहे. मेक्सिकोच्या वाळवंटी भागात ग्वायूली नावाचं बुटकं झुडूप वाढतं. ते आणि गाजर गवत एकाच प्रजातीगणातले, दोघांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द एकच, पार्थेनियम. पण गाजर गवतात उपयोगी पडेल असं रबर नाही. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण त्वचेला खाज आणि श्वासाला त्रास देतं, एवढंच त्याच्याकडून मिळतं. ते उपटताना हातमोजे घालावेत आणि फुलावर येण्याआधी उपटावं.

ग्वायूलीची गोष्ट मात्र खरोखर रंजक आहे. त्याचं रबर नलिकांतून वाहत नाही, सालीतल्या सुट्या पेशींमध्ये बंद असतं. म्हणून खाच पाडून काही मिळत नाही. झुडूपच कापून, कुटून ते वेगळं करावं लागतं. वाळलेल्या झुडपाच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के रबर निघतं. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला आणि अमेरिकेचा रबरपुरवठा तुटला, तेव्हा तिथे हजारो एकरांवर ग्वायूली लावली होती. युद्ध संपलं, खनिज तेलापासूनचं कृत्रिम रबर स्वस्त झालं आणि त्या बागा मोडल्या. भारतातही पहिलं कृत्रिम रबर १९६३ पासून उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तयार होऊ लागलं, आणि तेही उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलमधून. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

ठिबकचे ग्रोमेट दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि टेकऑफपाशी पाणी गळतं. पंपाच्या वायसरचंही तेच. दुकानदार म्हणतो सगळे सारखेच. चांगला वायसर ओळखायचा कसा?
*केळी उत्पादक, रावेर*

सगळे सारखे नसतात, आणि या एका प्रश्नासाठी मला हवी तितकी जागा मिळाली तरी मी ती वापरीन.

नैसर्गिक रबर झिजेला आणि ताणाला उत्तम, पण त्याच्या साखळीत ठरावीक अंतराने असे जोड असतात की हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन तिथेच हल्ला करतात. ताणलेल्या अवस्थेत हे झपाट्याने होतं. ग्रोमेट भोकात आणि टेकऑफवर कायम ताणलेलाच असतो, वरून ऊन. म्हणून ताणाला आडव्या अशा बारीक चिरा पडतात. ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत हे दुबळे जोड नाहीत. ऊन, ओझोन, पातळ आम्ल, क्लोरीनचं पाणी हे सगळं ते सोसतं. ठिबकची नळी साफ करायला तुम्ही आम्ल सोडता, तेव्हा ग्रोमेट ईपीडीएमचाच हवा. दुकानात ‘रबरी’ न म्हणता ‘ईपीडीएम’ असं मागा, आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

पण ईपीडीएमचा एक शत्रू आहे: तेल. टेकऑफ सहज बसावा म्हणून ग्रीस किंवा जळकं इंजिन ऑइल लावण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. तेल पिऊन ईपीडीएम फुगतं, मऊ होतं आणि पकड सोडतं. साबणाचं पाणी लावा, काम तेवढंच सोपं होतं. जिथे तेल-डिझेलशी संबंध येतो, उदाहरणार्थ इंजिनाच्या किंवा स्प्रे पंपाच्या तेलाच्या बाजूला, तिथे नायट्राइल रबराचा वायसर घ्यावा. दाब सांभाळणाऱ्या ठिबक तोटीत जो पातळ पडदा असतो तो सिलिकॉन रबराचा. त्याला सुईने टोचून साफ करू नका.

हाताने करायच्या काही परीक्षा आहेत. वायसर पूर्ण दुमडा आणि वाकाच्या बाहेरच्या कडेकडे बघा. पांढुरकी रेष किंवा चीर दिसली तर नको. दुप्पट ताणून दोन मिनिटं धरा आणि सोडा. मूळ मापावर आला पाहिजे. पांढऱ्या कागदावर घासा. काळा डाग पडत असेल तर काजळी नीट मिसळलेली नाही किंवा माल कच्चा राहिला आहे. आणि दोन सारख्या मापाच्या वायसरांत जो जड, त्यात बहुधा रबर कमी आणि खडू किंवा माती जास्त. स्वस्त मालाचं गुपित बहुतेक वेळा हेच असतं. रंगाने फसू नका, काळा रंग काजळीचा आहे आणि काजळी सूर्यप्रकाश अडवते. उघड्यावरच्या कामाला रंगीत वायसरापेक्षा काळाच बरा.

हंगाम संपल्यावर सुटे ग्रोमेट आणि रबरी नळ्या खिळ्याला टांगून ठेवू नका. सैल सोडून अंधाऱ्या आणि थंड जागी, आणि मोटर किंवा वेल्डिंगपासून दूर ठेवा, कारण ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

कुकरची रिंग सैल झाली की फ्रिजमध्ये ठेवते, मग शिटी होते. असं किती दिवस चालवावं?
*गृहिणी, धरणगाव*

एक-दोनदा, तेही नवी रिंग आणेपर्यंत. पूर्ण दाबाला कुकरमधलं तापमान १२० अंशांच्या वर जातं, शिवाय फोडणीचं तेल. रोजच्या उष्णतेने रिंग कडक होते, तेलाने फुगते आणि सैल पडते. गारव्यात ती थोडी आक्रसते, पण बिघडलेलं रबर त्याने सुधारत नाही. रिंगेला चिरा दिसल्या किंवा नखाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर त्या दिवशी कुकर लावू नका. नवी घेताना आयएसआय खूण आणि तुमच्याच कुकरचं माप पाहा. धुतल्यावर झाकणातून काढून वेगळी वाळवलीत तर जास्त टिकेल.

आमच्या जिनिंगमध्ये चामड्याच्या रुळांऐवजी रबराचे रूळ बसवावेत असं सुचवलं जातंय. कापसाला रबर लागणार तर नाही ना?
*जिनिंग व्यावसायिक, धुळे*

लागणार नाही, आणि माझ्या मते हा बदल जितका लवकर होईल तितका बरा.

आपल्या दुहेरी रुळांच्या जिनमध्ये रूळ कापसाचे तंतू खेचतो, स्थिर पट्टी सरकी अडवते आणि हलती पट्टी तिला पाडते. तंतू पकडण्यासाठी रुळाचा पृष्ठभाग खरखरीत पण मऊ हवा. त्यासाठी क्रोम लावून कमावलेल्या चामड्याच्या चकत्या दांड्यावर दाबून रूळ बनवतात. हा रूळ पट्टीवर घासून सतत झिजतो. ती क्रोमियमची धूळ कापसात, सरकीत आणि तिथे उभ्या असलेल्या माणसांच्या छातीत जाते. क्रोमियमची काही रूपं कर्करोगाला कारण ठरतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, यावर उपाय म्हणून रबर आणि सुती कापड यांच्या थरांचे रूळ विकसित केले. त्यातलं कापड तंतूला धरतं आणि रबर थरांना एकत्र बांधून ठेवतं. क्रोमियम मुळातच नाही.

रबर तापू नये याची काळजी मात्र घ्यावी लागते. पट्टीचा दाब गरजेपेक्षा जास्त दिला तर रूळ गरम होतो, पृष्ठभाग गुळगुळीत पडतो आणि उत्पादन घटतं. रुळावरच्या तिरप्या खाचा वेळेवर पुन्हा पाडून घ्या. आणि रूळ कुठलाही असो, कामगारांना धुळीचे मास्क द्या. त्यांच्या फुप्फुसांची जबाबदारी मालकाचीच आहे.

रबरी हातमोजे घातले की माझ्या हातांना पित्त उठतं. अलीकडे केळं खाल्लं तरी ओठ आणि घसा खाजतो. सहकारी हसतात. काही संबंध असेल का?
*परिचारिका, धुळे*

संबंध आहे, आणि यात हसण्यासारखं काही नाही. हेवियाच्या चिकात रबराशिवाय प्रथिनंही असतात. त्यांतली काही प्रथिनं केळं, अव्हाकाडो, किवी यांतल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर एकाला दुसरं समजतं. ज्यांना रबरी चिकाची ॲलर्जी असते त्यांतल्या अनेकांना ही फळं त्रास देतात. पावडर लावलेल्या मोज्यांतून ही प्रथिनं हवेतही पसरतात. अमेरिकेत असे मोजे वैद्यकीय वापरातून २०१७ पासून बंद केले आहेत.

तुम्ही लगेच त्वचारोग किंवा ॲलर्जी तज्ज्ञांना दाखवा आणि वरिष्ठांना लेखी कळवा. तपासणी होईपर्यंत केळं टाळा आणि नायट्राइलचे बिनपावडरीचे मोजे मागा. स्वतःच्या शस्त्रक्रियेची वा बाळंतपणाची वेळ आली तर ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगा, कारण तीव्र प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. घालताच गांधी उठण्याऐवजी एक-दोन दिवसांनी हात कोरडे पडून भेगाळत असतील, तर दोषी बहुधा व्हल्कनायझेशनला वापरलेली रसायनं असतात. ती नायट्राइलच्या मोज्यांतही असू शकतात आणि त्यासाठी वेगळी चाचणी करतात.

केळीच्या बागायतदारांनी हे वाचून घाबरू नये. रबराची ॲलर्जी नसलेल्या माणसाला यातून कसलीही भीती नाही.

आग्रा रोडवर आमच्या गाड्या चालतात. टायर रिमोल्ड करून वापरावा की नाही, यावर घरात वाद आहे.
*ट्रकमालक, धुळे*

चांगल्या केसिंगवर, म्हणजे टायरच्या मूळ सांगाड्यावर, नीट केलेलं रिमोल्ड बिनधास्त वापरावं. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचा वाटा मोठा असतो, कारण सतत दबून-फुगून ते कृत्रिम रबरापेक्षा कमी तापतं. २०२३-२४ मध्ये देशात साडेआठ लाख टनांच्या आसपास नैसर्गिक रबर पिकलं आणि चौदा लाख टनांवर खपलं. उरलेलं आयात झालं. असं असताना निम्मं आयुष्य शिल्लक असलेलं केसिंग टाकून देणं मला पटत नाही.

रिमोल्डमध्ये जुनी नक्षी घासून काढतात, तारांपर्यंत गेलेल्या जखमा भरतात, मध्ये कच्च्या रबराचा पातळ थर आणि वर आधीच पिकवलेला पट्टा बसवून बंद भट्टीत शंभर अंशांच्या थोडं वर काही तास ठेवतात. मधला कच्चा थर पिकला की दोन्ही बाजू एकजीव होतात. पट्टा उडतो तो बहुधा त्या मधल्या थरात धूळ, ओल राहिल्याने किंवा केसिंग आतून आधीच सुटलेलं असल्याने.

रिमोल्ड टायर पुढच्या, स्टिअरिंगच्या चाकांना लावू नका. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी मोजा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि आतून तापतो. वर मे महिन्याचा डांबरी रस्ता. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका.

थंडीत शेकोटीला जुने टायर जाळतात. धूर सोडला तर काय बिघडतं?
*माध्यमिक शिक्षक, अमळनेर*

टायरमध्ये काय काय असतं ते वर आलंच आहे: गंधक, झिंक, तेलं, काजळी. उघड्यावर जळताना गंधकाचे तिखट वायू आणि कर्करोगकारक काजळी निघते, आणि शेकोटीभोवती सर्वांत जवळ बसतात ती म्हातारी माणसं आणि मुलं. कृपा करून हे थांबवा. जुने टायर भंगारवाल्याला द्या. २०२२ पासून टायर कंपन्यांवर जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने आलेली आहे, त्यामुळे जुन्या टायरना गिऱ्हाईक आहे.

रबराचे वायसर आणि ग्रोमेट इथेच बनवायचा लहान उद्योग काढायचा आहे. शिक्षण कुठे मिळेल, सुरुवात कशी करावी?
*दोन मित्र, भुसावळ*

हे पत्र वाचून फार आनंद झाला. रबराची बाग खान्देशात होणार नाही, रबराचा कारखाना नक्की होऊ शकतो. ठिबक, पाइप, पंप, जिनिंग, डाळ गिरण्या, आणि तुमच्या भुसावळला तर रेल्वेच, गिऱ्हाईक दारात आहे. सिमेंटच्या स्लीपरवर रुळाखाली असते ती खाचांची सुमारे सहा मिलिमीटरची पट्टीसुद्धा रबराचीच.

कोट्टायमला रबर बोर्डाची राष्ट्रीय रबर प्रशिक्षण संस्था आहे. तिथे उद्योजकांसाठी अल्प मुदतीचे वर्ग असतात. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत प्लॅस्टिक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे, तिथल्या प्राध्यापकांना जरूर भेटा. साच्यांचं काम शिकायला छत्रपती संभाजीनगरचं ‘सिपेट’ जवळ पडेल.

सुरुवातीला मिक्सिंग मिल घेऊ नका. तयार ईपीडीएम कंपाउंड विकत घ्या, एक हायड्रॉलिक प्रेस, दोन-तीन चांगले साचे, कडकपणा मोजायचं उपकरण आणि वेळेचं घड्याळ एवढ्यावर पहिलं वर्ष काढा. प्रत्येक खेपेचा एक नमुना तारीख लिहून जपून ठेवा आणि एक गच्चीवर उन्हात ताणून बांधा. तक्रार आली तर उत्तर त्या दोन नमुन्यांत सापडेल. पुढे मिल घ्याल तेव्हा तिचा आणीबाणीचा दांडा रोज सकाळी, माल घालण्याआधी, ओढून रूळ जागच्या जागी थांबतात का ते बघा. फिरत्या रुळांत बोट सापडलं की हात ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. सैल बाह्यांचा सदरा, अंगठी किंवा कडं घालून कुणालाही मिलजवळ उभं राहू देऊ नका.